बाबांना मी दिलेली ताकद

माझं वजन वाढलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला होता. आधी तेच सांगतो. आजारपणाबद्दल लिहायचं म्हटलं की माणूस दवाखान्यापासून सुरू करतो. माझं आजारपण त्याच्या कितीतरी आधी, लोक 'वा, तब्येत सुधारली' म्हणत होते तेव्हाच सुरू झालं होतं.

मी निलेश. गाव अल्लीपूर, नोकरीमुळे वर्ध्याला पिपरी मेघेत राहतो. एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. लहानपणापासून काडीपैलवान. लग्नात कोट अंगावर नीट बसावा म्हणून मामानं मला आतून स्वेटर घालायला लावलं होतं, तेही मे महिन्यात. वर्ध्याचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. मला तेव्हाही आलं नव्हतं, आत्ताही येत नाही.

तिशी ओलांडल्यावर मी जिम लावली.

दोन माणसं

जिममध्ये शिकवायला देवा सर होते. वय पन्नाशीच्या पुढचं, खांद्यावर टॉवेल, पोट जरा सुटलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वजनाला हात लावू दिला नाही. खुर्चीवर बसवलं आणि विचारत राहिले. झोपतो किती? सकाळी काय खातो? घरात कोणाले शुगर, बीपी? आधी कोणतं दुखणं झालं होतं का?

"अंडे खाजो, दोन्ही टाइम वरण खाजो, दाणे-चणे खाजो," ते म्हणाले. "हळूहळू वजन वाढवू. एक वर्ष आरशात पाहूच नको."

मी त्यांच्या पोटाकडे पाहत होतो. मनात म्हटलं, यांचं स्वतःचंच काही खरं नाही.

दुसरा होता विक्की. तो शिकवणारा नव्हता, आमच्यासारखाच यायचा, पण सगळे त्याच्याभोवती असायचे. दंड असे की टी-शर्टच्या बाह्या वर सरकून बसायच्या. त्यानं मला काहीच विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, दोन महिन्यात शर्टाच्या गुंड्या तुटतीन."

त्याच्याकडे एक पावडर होती, प्लास्टिकच्या डब्यात. डब्यावर सिंहाचं चित्र. सोबत कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. "भुकीच्या हायेत," तो म्हणाला. "जडीबुटी. काई होत नाई."

मोबाइलवरही मी रोज तसलेच व्हिडिओ पाहायचो. उघड्या अंगाची माणसं, मागे संगीत, आणि प्रत्येकाच्या हातात कसला ना कसला डबा. विक्कीचं बोलणं त्या व्हिडिओंशी जुळत होतं, देवा सरांचं जुळत नव्हतं. मी कोणावर विश्वास ठेवायचा हे असं ठरवलं. ज्याचे दंड दिसतात त्याला कळतं, एवढाच माझा हिशोब.

गुंड्या खरंच तुटल्या. गाल भरले, पोट भरलं, भूक अशी लागायची की ऑफिसात मधल्या वेळात डबा संपायचा. गावी गेलो तर मायनं माझी दृष्ट काढली.

मले बी आणजो

बाबांना त्या वर्षी टायफॉइड झाला होता. त्यातून उठले पण अंग धरेना. गुडघे दुखायचे. शेतात जायचे, पण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहायचे. आयुष्यभर दोन माणसांचं काम करणारा माणूस, त्याला बसून राहणं सहन होत नव्हतं.

एकदा अंगणात बाजेवर बसून त्यांनी माझा दंड दाबून पाहिला.

"काय खाऊन राह्यला बे तू?"

मी सांगितलं.

"मले बी आणजो थोडं."

मनीषा, माझी बायको, तिथंच होती. परत येताना गाडीवर ती म्हणाली, "एकदा डॉक्टरले विचारा ना. त्याईचं वय हाये."

"डॉक्टर लोकं कायलेच हो म्हणत नाईत," मी म्हणालो.

मी विक्कीला विचारलं, म्हाताऱ्या माणसाला चालते का. तो म्हणाला, "सगळ्याइले चालते." बाबांसाठी मी केलेली चौकशी एवढीच. नवीन फोन घेताना मी याच्या दसपट चौकशी केली होती.

आठवडाभरात बाबांचे गुडघे दुखायचे थांबले. थांबले म्हणजे अगदी थांबले. ते पायी शेतात जाऊ लागले. भाकरी जास्त मागू लागले. गिरणीवर, देवळात, जो भेटेल त्याला सांगायचे, "माह्या पोरानं आणलं वर्ध्यावरून." मला फोन करून ते हे सांगायचे तेव्हा मला इतका अभिमान वाटायचा की आता तो आठवला की तोंड लपवावंसं वाटतं. काही महिने त्यांचा डबा मी कधी संपू दिला नाही.

पडलो

मग विक्कीचा फोन बंद लागायला लागला. तो जिममध्येही येईना. बाबांना मी नुकताच भरलेला डबा नेऊन दिला होता, माझा मात्र संपला. मी म्हटलं, असू दे, अंग तर झालंच आहे.

चार-पाच दिवसांत मला खाली बसलं की उठता येईना. भिंत धरून उठायचो. मांड्यांत जीवच नव्हता. नंतर कळलं, जे भरलं होतं ते दंड नव्हतेच. ती सूज होती आणि चरबी होती. आतून स्नायू उलट झिजत चालले होते. त्यातच ताप आला, उलट्या झाल्या आणि एका सकाळी मी बाथरूममध्ये कोसळलो.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजाऱ्यांची गाडी. दवाखान्याचं छत. कोणीतरी 'प्रेशर लागत नाही' असं म्हणत होतं. मनीषाचा हात माझ्या कपाळावर होता.

शुद्धीत आल्यावर डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काही घेत होता का? ताकदीचं, वजनाचं, जिममधलं?"

"प्रोटीन," मी म्हणालो. "बस."

मनीषा माझ्या उशाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी ती घरून रिकामा डबा आणि उरलेली पुडी घेऊन आली आणि माझ्याकडे न पाहता मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी गोळी तळहातावर घेऊन पाहिली. "ही जडीबुटी नाही," त्या म्हणाल्या. "हे स्टेरॉइड आहे असं मला वाटतं, पावडरमध्येही असणार. तपासायला पाठवू. पण तुमचा चेहरा, तुमचं रक्त, सगळं तेच सांगतंय. औषध म्हणून हे वाईट नाही, आम्हीही देतो, मोजून आणि ठरलेल्या मुदतीसाठी. तुम्ही महिनोन्महिने खात होता."

म्हणजे मी मरायला टेकलो होतो ते त्या डब्यामुळे. माझ्या मनात पहिला विचार बाबांचा आला. मॅडम समोरच उभ्या होत्या. त्यांना सांगायला हवं होतं. पण एक खोटं नुकतंच पकडलं गेलं होतं. आता पुन्हा, 'मी हे माझ्या वडिलांनाही दिलंय' असं म्हणायची मला लाज वाटली. त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मनीषा खाली औषध आणायला गेली तेव्हा मी मायला फोन लावला.

"माय, बाबांचा डबा उकिरड्यावर फेक. गोळ्या बी फेक. आताच्या आता."

"काऊन? त्याईले तं बरं वाटून राह्यलं."

"माल खराब निंगाला तो. फेक म्हणतो ना."

"बरं बापा. तू जीवाले जप."

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. आपण वेळेवर सावध केलं, असं वाटलं.

वॉर्डातले दिवस

दवाखान्यात दिवस माणसाच्या हातात नसतो. पहाटे झाडूचा आवाज, मग रक्त काढणारी मुलगी, मग चहा, मग राउंड. राउंडच्या आधी सगळे पेशंट शाळेतल्या पोरांसारखे सरळ होऊन बसतात. माझ्या शेजारच्या पलंगावर सेलूकडचे एक काका होते, फुप्फुसात पाणी झालेलं. त्यांची सून डब्यात ज्वारीची भाकर आणायची आणि न विचारता अर्धी माझ्या ताटात ठेवायची. ती भाकर मला अजून आठवते. आमची कोणाची कोणाशी ओळख नव्हती.

मनीषा सगळं करायची. अंग पुसायची, दाढी करून द्यायची. पण बोलायची कामापुरतंच. एकदा मी म्हणालो, "रागावली तं बोल ना."

"तुमी पावडर खाल्ली याचा राग नाई मले," ती म्हणाली. "मरून राह्यले होते तुमी, अन् तरी डॉक्टरले खोटं सांगतलं. माह्यासमोर. मी तिथं असून नसल्यासारखी."

तेव्हाही, बाबांचं मी मॅडमना सांगितलेलं नाही, हे तिला बोललो नाही. बाबांचा डबा तिला माहीत होता, आणि मी फोन करून फेकायला लावला एवढं सांगितल्यावर तिला बरं वाटलं होतं. मला वाटलं, तो विषय संपला.

'तुमचं झालं तेच'

सुट्टी जवळ आली तसे एक तरुण डॉक्टर मला घरी घ्यायच्या गोळ्या समजावायला आले. मला आश्चर्य वाटलं, गोळी स्टेरॉइडचीच होती.

"पुन्हा हेच?" मी विचारलं.

"शरीर हे स्वतः बनवतं," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरून इतके दिवस दिलं की आतलं काम बंद पडलं. ते परत सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर बाहेरून द्यायचं आणि अगदी हळूहळू कमी करत जायचं. मनानं बंद करायची नाही. कधीच नाही."

"अन् समजा कोणी एकदम बंद केली तं?"

"तुमचं झालं तेच. तुमचा डबा संपला आणि तुम्ही पडलात ना?"

ते पुढे काहीतरी सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं. मी फोन शोधत होतो.

माय म्हणाली, "कालपासून पडूनच हायेत. ओकाऱ्या होऊन राह्यल्या. ऊन लागलं असन म्हणून निंबूपाणी देऊन राह्यली. तुले सांगतलं नाई, तू दवाखान्यात." मग म्हणाली, "सकाळी आंगणात पडले, निलू. पाय हालवू देत नाईत."

मी फोन तसाच चालू ठेवून त्या डॉक्टरांसमोर धरला आणि सगळं सांगून टाकलं. डबा, गुडघे, उकिरडा. सांगताना मी रडत होतो की ओरडत होतो, कळत नव्हतं. त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडम आल्या. माझ्या हातातून फोन घेतला, मायला विचारलं जवळ कोणता सरकारी दवाखाना आहे, आधी तिथं न्यायला सांगितलं, आणि मग तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलल्या. कोणतं इंजेक्शन लगेच द्यायचं ते सांगितलं. बाबा वाचले ते त्या एका फोनमुळे. मी आधीच सांगितलं असतं तर तो फोन तेव्हाच झाला असता, आणि तेव्हा तर मॅडम माझ्या पलंगापाशीच उभ्या होत्या.

त्यांना वर्ध्याला आणलं तेव्हा मी खाली पोर्चमध्ये उभा होतो, हाताला सुई तशीच. स्ट्रेचर उतरवलं. माझे बाबा इतके लहान कधी दिसले नव्हते. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुटपुटले, "तुले काऊन उठवलं इथवर? तू बिमार हायेस."

मायचं बोलणं

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या पावडरीनं हाडंही कमजोर केली होती, साखरही वाढवली होती. गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं नव्हतं, फक्त कळायचं बंद झालं होतं. प्रेशर स्थिर झाल्यावर ऑपरेशन झालं.

तोवर मला सुट्टी मिळाली होती, पण मी घरी गेलो नाही. पेशंटचा नातेवाईक झालो. बाबांच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर माय आणि मी बसायचो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. मला वाटत होतं, ती आता मला काही बोलेल. बोलावं असं वाटत होतं.

शेवटी ती म्हणाली, "मीनं फेकला तो डबा. माह्या हातानं फेकला."

"माय, मी सांगतलं म्हणून फेकला तू."

"त्याईनं दोनदा मांगला. म्हणे, थोडासाक दे, आंग दुखून राह्यलं. मीनं देल्ला नाई. म्हटलं, पोरगं शिकलेलं हाये, त्याले समजते."

मी तिला समजावलं. डॉक्टरांकडूनही समजावलं. ती मान हलवते. पण अजूनही बाबा काठी टेकत उठले की ती चुलीपुढे बसल्या जागेवरून पाहते आणि मग नजर खाली घालते. माझ्या चुकीचं ओझं मी उचलू शकतो. पण तिनं काहीच केलं नव्हतं, आणि त्यातला वाटा तिच्याकडे गेला तो गेलाच. तो परत घेता येत नाही.

विक्की

बरा झाल्यावर मला विक्कीला मारायचं होतं. खरंच. तो मला एकदा बाजारात दिसला. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याचा चेहरा गोल झाला होता, गाल लाल, मानेमागे मांस चढलेलं. तो चेहरा मी आरशात पाहिला होता.

"तू बी तेच खातो?" मी विचारलं.

"मंग काय, भाऊ. मी स्वतः खाल्ल्याशिवाय कोणाले देत नाई." तो हे प्रामाणिकपणानं म्हणाला. त्यालाही कोणीतरी असंच सांगून दिलं होतं, आणि त्याच्या दंडांवर त्याचा स्वतःचाच विश्वास होता. ते दंड आता उतरले होते.

मारायला आलेला मी त्याला सांगत राहिलो, "एकदम बंद नको करू. आधी दवाखान्यात जा, डबा घेऊन जा, सगळं खरं सांग." तो हो हो म्हणाला. गेला की नाही, मला माहीत नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात असा डबा असेल तर मी एवढंच सांगेन. तो खा असं मी सांगत नाही आणि फेका असंही सांगत नाही, कारण ती दोन्ही सांगणी मी करून बसलो आहे. तो डबा उचला आणि डॉक्टरसमोर ठेवा. घरात आणखी कोण खातं तेही सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.

सल्ला कोणाचा घ्यायचा यावर मी फार विचार केला आहे. मला आता बोलणाऱ्यापेक्षा विचारणारा माणूस बरा वाटतो. ज्यानं मला खुर्चीवर बसवून कंटाळा येईस्तोवर प्रश्न केले, त्या देवा सरांकडे मी परत गेलो. त्यांनी आधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मग वजनं न लावलेली एक काठी हातात दिली आणि म्हणाले, "याच्यानं सुरू करू." मी पुन्हा काडीपैलवान आहे. ऑफिसात लोक हळहळतात, 'किती वाळला रे.' खाली बसून हात न टेकता उठता आलं, त्या दिवशी मी घरी कोणालाही न सांगता दोनदा बसलो आणि उठलो.

केळझर

मायनं केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता. आम्ही गाडी करून गेलो. टेकडी चढणं बाबांना शक्य नव्हतं. "तुमी जा," ते म्हणाले, "मी इथूनच हात जोडतो." माय आणि मनीषा पुढे गेल्या. मी वर जाऊन खाली पाहिलं, तर ते गाडीचा दरवाजा उघडा ठेवून, काठी दोन्ही पायांमध्ये धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत बसले होते. या वर्षी शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं आहे. त्याबद्दल ते एक शब्द बोलत नाहीत. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या आठवड्यात

मागच्या आठवड्यात त्यांना तपासणीला नेलं होतं. मॅडमनी रिपोर्ट पाहिले, बरं आहे म्हणाल्या. गोळी आणखी थोडी कमी केली. हाडांसाठी एक नवीन औषध लिहिलं आणि ते कसं घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, सगळं बाबांना नीट, सावकाश समजावून सांगितलं. बाबा मान हलवत ऐकत होते.

सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग घ्याल ना, बाबा?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"तू सांग. घेऊ का?"

मॅडम कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं करत राहिल्या.

"मले नका विचारू, बाबा," मी म्हणालो. "माह्यामुळं काय झालं तुमाले माहीत हाये. मॅडमले विचारा. त्याईले समजते."

"त्याईले समजते थे दिसते मले," बाबा म्हणाले. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझं मनगट धरलं. "पण तुले नाई विचारू तं कोणाले विचारू?"